आठवीच्या वहीतलं इंटिग्रेशन

आयुष्यात मी एकदाच बनावट कागदपत्रं तयार केली, आणि तीही गणिताची. ब्लाउज शिवून पन्नाशी गाठलेल्या बाईला हा गुन्हा शोभत नाही, हे मान्य. पण आता सगळं निभावलंय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, हिनं अकरावीत गणित सोडून बायोलॉजी घेतलं होतं. तिला डॉक्टर करायचं हे भावानं ती बालवाडीत असतानाच ठरवून टाकलं होतं. बारावी झाली, नीटचा निकाल लागला, आणि त्यांच्या घरात आठ दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. नवव्या दिवशी पोरीनं जेवताना जाहीर केलं, "पप्पा, मला इंजिनिअरिंगला जायचंय. एकट्या गणिताचा पेपर बाहेरून देता येतो. मी देणार."

भाऊ पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळतो. सांगोल्यापासून वळसंगपर्यंतच्या जळक्या मोटारी त्याच्या दुकानात येऊन पडतात. हात सोन्याचे, तोंड मात्र फटाक्याचं. तो म्हणाला, "दे. पण बी.एस्सी.ला नाव घालून ठिवतो मी. दिवाळीपर्यंत वहीत कॅल्क्युलस दिसलं पायजे. न्हाय दिसलं तर गणिताचा फॉर्म भरायचा न्हाय. गप कॉलेजात जायचं आन् झाडाची पानं कागदावर डकवत बसायचं."

कॅल्क्युलस हा शब्द त्याला कुणा गिऱ्हाइकानं दिला होता. बारावीच्या पुस्तकाचा दुसरा भाग धरा, बाकी सोडा, सगळे मार्क तिथंच, असा फुकटचा सल्लाही सोबत होता. मग काय, पोरगी थेट कॅल्क्युलसच्या बॅचला. तीन आठवड्यांनी माझ्या मशीनजवळ बसून ती घडाघडा म्हणू लागली, साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस, कॉसचं वजा साइन. मला कौतुक वाटलं. सहज विचारलं, "साइन म्हणजे काय गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "आत्या, ते त्यांनी नाही सांगितलं," म्हणाली आणि ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी मी तिला शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीतल्या एका बाईंकडे नेलं. शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घरात तेलुगू, वर्गात मराठी, आणि ब्लाउजच्या बाहीत पाव इंचाचा फरक पडला तरी ओळखणाऱ्या. माझं गिऱ्हाईक असल्यानं मला त्यांची धास्ती आधीपासूनच होती.

बाई म्हणाल्या, "एकटीला मी शिकवत नाही. शिकलेलं समजावून सांगायला समोर कुणीतरी लागतं. तुम्ही बसा."

"मी?" मी नाटकातल्यासारखा छातीवर हात ठेवला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

बाईंची पद्धत उलटी होती. बारावीचं एक गणित घातलं, चुकलं. अकरावीचं, चुकलं. दहावीचं अर्ध्यात अडलं. "कुठं तुटलंय ते सापडेपर्यंत मागं जायचं," म्हणाल्या. सापडलं आठवीत. वर एक्स अधिक सहा, खाली एक्स. भाचीनं वरचा एक्स खालच्या एक्सनं खोडला आणि ऐटीत लिहिलं, सहा.

"एक्सच्या जागी दोन घाल," बाई म्हणाल्या.

वर आठ, खाली दोन, उत्तर चार. भाचीनं आपला सहा खोडला. बारावी पास झालेली मुलगी, पाच वर्षं ती असेच एक्स खोडत आली होती, आणि तिला कुणी अडवलं नव्हतं.

मलाही बाईंनी तसंच मागं मागं नेऊन तपासलं. मी सहावीच्या अपूर्णांकात पडले. रोज पाव इंच न् दीड इंच कापणारी मी! बाई म्हणाल्या, "कात्रीला येतं तुमच्या, तुम्हाला नाही."

मग त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून दिलं: आधी आठवीचे अवयव, मग दहावीची वर्गसमीकरणं, मग अकरावीची त्रिकोणमिती, मग फंक्शन्स, मग लिमिट. तोवर बारावीचं पुस्तक उघडायचंसुद्धा नाही.

"आणि दिवाळी?" भाचीनं बारीक आवाजात विचारलं.

"येईल की. दरवर्षी येते," बाई म्हणाल्या.

इथून माझी गुन्हेगारी सुरू झाली. आठवीच्या पुस्तकाला मी खाकी कव्हर घातलं आणि वर सुरेख अक्षरात लिहिलं, 'गणित भाग दोन, इयत्ता बारावी'. वहीचं काय? भावाला कॅल्क्युलसची एकच खूण ठाऊक होती, तो इंटिग्रेशनचा लांब, उभा साप. मी भाचीच्या वहीतल्या प्रत्येक गणिताच्या डोक्याशी एकेक साप काढून दिला. खाली बिचारे आठवीचे अवयव, वर फणा! भाची हसून हसून लोळली. मग तिनं वही मिटली. "पप्पांना कळलं तर माझं गणित संपलं, आत्या." मी म्हटलं, "तुझ्या बापाला कळायला गणित कुठं येतंय?"

दिवाळीला चार दिवस राहिले. भावानं वही मागितली, साप पाहिले, छाती फुगवली आणि वही घेऊन दुकानात गेला. तिथं एक गिऱ्हाईक शेतातली मोटार न्यायला आलेलं. ते निघाले गणिताचे प्राध्यापक! पोरीच्या बापाला एवढं पुरे झालं. त्यानं वही पुढं केली.

अर्ध्या तासात मला फोन. "अक्का, पोरीला घिऊन दुकानात ये." बाकी काही नाही. फटाका न वाजता राहिला की जास्त भीती वाटते.

आम्ही गेलो. प्राध्यापक स्टुलावर, भाऊ उभा, हातात वही. "हे इंटिग्रेशन न्हाय म्हणत्यात सर. शेवटी डीएक्स लागतंय म्हणं. आन् खाली आठवीचं हाय म्हणं. व्हय का?"

मी पुढं झाले. "साप माझे आहेत. पोरीची गणितं खरी आहेत."

प्राध्यापकांना हसू आवरेना. त्यांनी तांब्याच्या तारेच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि लिहिलं: वर एक्सचा वर्ग वजा चार, खाली एक्स वजा दोन. "लिमिट शिकलीस?"

"नाही सर. अजून यायचंय."

"असू दे. एक्स दोनाच्या अगदी जवळ गेला, पण दोन झाला नाही, तर हे सगळं कशाच्या जवळ जाईल?"

भावाला राहवलं नाही. "सरळ दोन घाल की!"

"घातलं तर वर शून्य, खाली शून्य, पप्पा."

तिनं पेन टेकवलं, आणि माझा जीव टांगणीला लागला. वर एक्स, खाली एक्स. खोडते की काय पोरगी! पेन तसंच थांबलं. मग तिनं वरच्याचे अवयव पाडले: एक्स वजा दोन, एक्स अधिक दोन. खालचा अख्खा एक्स वजा दोन वरच्या अख्ख्याशी खोडला, उरलेल्यात दोन घातले. "चार."

"कॅल्क्युलसचं पहिलं गणित केलंस तू," प्राध्यापक म्हणाले. "माझ्या वर्गातली निम्मी पोरं इथं नुसता एक्स खोडतात."

भावानं पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या उघड्या मोटारीकडे. "म्हंजे आदी जळकी तार समदी काढली म्हणा की," तो पुटपुटला. "मग हुईना का उशीर. फॉर्म कवा भरायचाय?"

मी तिथंच मोटारीच्या खोक्यावर बसले.

फॉर्म भरला, पेपर झाला, भाची आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात आहे. इंटिग्रेशनला पोचल्यावर तिनं माझे साप बाईंना दाखवले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लाल पेनानं प्रत्येकाला डीएक्सची शेपटी लावली, भाचीकडून सगळे सोडवून घेतले आणि वही माझ्यापुढं सरकवली.

"काढलेत ना? आता सोडवा."

सहावीपासून क्रमानं चालत मी दहावीपर्यंत आले आहे. साप वाट बघताहेत.