वैशालीचे डबे आणि माझी घासणी

हे ऐकलंत की तुमच्या घराची चावी तुम्ही जन्मात माझ्या हातात देणार नाही, तरी सांगते!

तेव्हा बंगळूरला आमच्या के. आर. पुरमात घरोघरी फोन नव्हते. वरच्या खोलीत वैशाली राहायची. नागपूरची पोर, इंजिनियर, एकटी. पाणी आलं की तिचं पिंप मीच भरायची, म्हणून तिची चावी माझ्याकडे.

एकदा तिनं माझे सहा स्टीलचे डबे मागून नेले. "ऑफिसच्या कामाला हवेत, काकू."

सहा डबे? एवढीशी पोर, जेवते तरी किती! पण विचारलं नाही. (खरं सांगू? दोनदा विचारलं. ती घाईत होती.)

शनिवारी सकाळी पाणी आलं. वैशाली एसटीडी बूथवर वडिलांना फोन करायला गेलेली. मी वर गेले, तर माझे डबे ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकावर एक लेबल! चंदेरी नक्षीचं, खाली जाडजूड फोम. म्हटलं, बिचारीला लेबल काढता येत नसणार. नव्या भांड्याचं लेबल कसं काढतात? गॅसवर जरा शेकायचं! शेकलं. फोम वितळला, घाण वास सुटला. मग तारेची घासणी घेतली. डबे असे लख्ख झाले की कुंकू लावावं त्यात बघून!

वैशाली दारात येऊन उभी. "अरे बाप्पा! काकू, हे काय करून ठेवलं?"

"राहू दे गं, आभार कसले!"

ती रडतच सांगायला लागली. ती लेबलं नव्हती हो! ते चांदीच्या शाईनं छापलेले अँटेना होते. मध्ये तिळाएवढी चिप. समोर यंत्र धरलं की चिठ्ठी आपला नंबर सांगते, तार नाही की काही नाही. पण पत्र्याला चिकटली की बिचारी मुकी होते. म्हणून खाली फोमचं आसन. अकरा वाजता साहेबांना दाखवायचं होतं. जमलं तर काम पुढे चालू. नाही जमलं तर काम बंद, आणि हिनं नागपूरला परत जायचं. तिथे बापानं मुलगा बघून ठेवलेला.

"छापलेल्या चिठ्ठ्या आहेत आणखी," ती डोळे पुसत म्हणाली, "पण फोम परदेशातून आलेला. आता कुठून आणू?"

"मऊच हवं का?"

"नाही. हलकं हवं, आत हवा असलेलं."

मी धावत खाली. माळ्यावर गणपतीचं थर्माकोलचं मखर होतं. ह्यांनी पंधरा दिवस खपून कोरलेलं.

"हात लावायचा नाही!" हे ओरडले.

"अहो, बाप्पा विद्येचा देव. पोरीच्या परीक्षेला एक खांब दिला तर रागावणार आहे का?"

खांब कापला. मापानं चकत्या केल्या, चिठ्ठ्या वर चिकटवल्या, डब्याला लावल्या. वैशालीनं इस्त्रीएवढं यंत्र जवळ आणलं.

कुंई!

"वाचलं, काकू! पहिल्यापेक्षा लांबून वाचलं!"

खाली रिक्षावाला लवकर चला म्हणून कन्नडात ओरडत होता, "अक्का, स्वल्प बेगा!" मी सहा डबे मांडीवर घेऊन तिच्याबरोबर ऑफिसच्या दारापर्यंत गेले. सोडवत नव्हतं ना!

संध्याकाळी ती म्हैसूरपाक घेऊन आली. काम चालू राहिलं, नागपूर टळलं. तिनं आधी ह्यांना वाकून नमस्कार केला, मखराबद्दल.

मी जरा ऐटीत विचारलं, "पण काय गं, ह्या चिठ्ठ्यांचा उपयोग काय?"

"कुठली वस्तू कुठे गेली, कुणी नेली, सगळं कळतं."

"एवढ्यासाठी यंत्र? ह्या गल्लीत ते मला विचारलं तरी कळेल!"

"तेच तर, काकू," वैशाली म्हणाली. "आमचं यंत्र हातभरावरूनच वाचतं. तुम्ही बंद दारातून वाचता. फक्त चिठ्ठी समोर आली की घासून टाकता!"