मंडईच्या दोन दिवसांचं पाणी

कोंढ्याकडच्या एका गावात पंचफुला शहारे नावाची बाई नळाच्या पाण्यात जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकायचं काम करते. गावाचं नाव घ्यायला नको. नाव घेतलं की गाव चिडतं, सुधारत मात्र नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर चार-पाच वर्षांनी या गावात पाण्याची टाकी उभी राहिली. टाकी आली म्हणजे पाणी शुद्ध करायला माणूस हवा. ग्रामपंचायतीत कुणी पुढं येईना. पावडरीनं हाताची सालं निघतात, नाकातोंडात गेली की खोकून जीव जातो, आणि वर मान तर काहीच नाही. अशी कामं फिरत फिरत बौद्ध टोलीकडे, गावाच्या कडेच्या वस्तीकडे येतात, तसं हेही आलं. सातवी शिकलेल्या पंचफुलानं ते घेतलं. पवनीला तीन दिवसांचं शिक्षण झालं आणि परत येताना ती एक गोष्ट पक्की शिकून आली. पाणी आरशासारखं निवळ दिसलं तरी त्यात रोग असू शकतो.

तेव्हापासून तिचा रोजचा नेम ठरला. सकाळी बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबून व्हॉल्व्ह उघडायचा. मग हातात काचेची नळी घेऊन गावच्या अगदी शेवटच्या नळावर जायचं. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की पावडर इथपर्यंत पोचली, म्हणजे साऱ्या गावात पोचली. तो शेवटचा नळ तिच्याच टोलीत होता, कुंताबाईच्या दारासमोर.

या टोलीत येणारा पाइप चाळीस फूट नालीतून आला होता. दोन ठिकाणी त्याचे जोड सैल झालेले. नळ सुरू असले की जोडातून पाणी बाहेर उडायचं, आणि नळ बंद झाले की रिकामा पाइप नालीतलं पाणी आत ओढायचा. पंचफुलानं ग्रामसभेत दोनदा सांगितलं. उपसरपंच केवळराम दोन्ही वेळा "पाहू" म्हणाले. त्यांनी काही पाहिलं नाही. मग ती पावडर जरा चढीच टाकू लागली. नालीतून काही आत शिरलंच, तर पाण्यात उरलेली पावडर त्याला मारेल, एवढाच तिचा हिशेब.

या चढ्या पावडरीवरून गावानं तिला काय काय ऐकवलं! गावातल्या चंदानं एकदा भरलेली बादली तिच्या पायाशी ओतली. "काय पाजून राहिली व तू गावाले? भाताले वास येते, वरनाले वास येते!" सभेत कुणी म्हणालं, हिला काढा. पंचफुला उभी राहिली आणि म्हणाली, "काढाचं असन तं काढा. जोवर हावो तोवर टाकीनच." शिव्यांना ती घाबरली नाही आणि धमक्यांनाही बधली नाही. बाई अशी ताठ होती, म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघर पाहुण्यांची रांग. लेकी-जावई, व्याही, विहिणी, सगळे येतात. मंडईच्या आदल्या दिवशी केवळरामांनी पंचफुलाला निरोप धाडला.

ती गेली आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या अंगणात उभी राहिली. इतक्या वर्षांत त्या घराच्या ओसरीवर तिनं पाय ठेवला नव्हता. चहा मिळायचा, पण गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या गिलासात, आणि तो तिनंच विसळून ठेवायचा. आज केवळरामांची बायको सुलोचनाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाहेर काहून उभ्या, पंचफुलाबाई? या ना, बसा." आत खुर्ची दिली. घरातली कपबशी पुढं केली. पंचफुलानं कप दोन्ही हातांनी धरला.

केवळराम गोड आवाजात म्हणाले, "पंचफुलाबाई, मागच्या साली आमचे व्याही चार लोकांत म्हनले, तुमच्या गावचा चाय दवाखान्यातल्यावानी लागते. मान खाली गेली आमची. दोन दिवस पावडर राहू द्या ना."

"भाऊ, टोलीचा पाइप नालीत हाये," ती म्हणाली.

"दोन दिवसांत काय होते, बाई? तुमच्या हातात गावाची इज्जत हाये."

पंचफुलानं चहा संपवला आणि "बरं" म्हणाली. तिला कुणी विकत घेतलं नाही की दरडावलं नाही. 'बाई' म्हटलं, खुर्ची दिली, तेवढ्यात ती विरघळली. तिला हसण्याआधी ज्यानं त्यानं आठवून पाहावं, आपल्याला आयुष्यभर कुणी अंगणातच उभं ठेवलं होतं का.

मंडईच्या दिवशी तिनं टाकीत काही टाकलं नाही. पण सवयीचे पाय शेवटच्या नळावर गेलेच. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी पिवळं झालंच नाही. समोर कुंताबाई दारातल्या चुलीवर पाहुण्यांसाठी वडे तळत होती. तिची लेक भावना लाखनीहून मंडईला आली होती, आईजवळ बसून पीठ थापत होती.

"काय पाहून राहिली व एवढी?" कुंताबाईनं विचारलं.

"काई नाही," पंचफुला म्हणाली, आणि नळी पदराआड घेतली.

टोलीत चार घरी सांगितलं असतं तर बोभाटा झाला असता. केवळरामांच्या कानावर गेलं असतं की ही पाहुण्यांच्या देखत गावाची बदनामी करते, आणि कालची खुर्ची कालच्यापुरतीच राहिली असती. दुसऱ्या दिवशीही तिनं पावडर टाकली नाही. कुणाला सांगितलंही नाही. भावना त्याच नळाचं पाणी पीत होती.

तिसऱ्या दिवशी टोलीत उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत एकतीस माणसं आडवी. टाकीजवळच्या मोठ्या घरांत जेमतेम दोघांचं पोट बिघडलं. तिकडचा पाइप नालीतून जात नव्हता ना. भावनाला जीपमध्ये घालून भंडाऱ्याला न्यायला निघाले, पण भंडारा यायच्या आधीच तिचा श्वास थांबला. सव्वीस वर्षांची होती.

आठवड्यानं डॉक्टर चौकशीला आले. ग्रामपंचायतीत सभा भरली. पावडर का टाकली नाही, असं त्यांनी विचारलं. पंचफुला म्हणाली, "उपसरपंच भाऊंनी राहू द्या म्हनलं होतं."

केवळराम जागचे हलले नाहीत. "म्हनलो असन. मले काय समजते त्यातलं? पवनीले शिकाले मले धाडलं होतं का तुले? समजत होतं तं काहून आयकलं माहं?"

दहा-अकरा दिवसांपूर्वीची पंचफुलाबाई पुन्हा 'तू' झाली होती. पण त्याहून वाईट हे, की त्या माणसाच्या बोलण्यात खोट काढायला तिला जागा सापडेना. कागदावर 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. पाइपाबद्दल एक ओळही नव्हती. तिला कामावरून काढलंसुद्धा नाही, कारण त्या कामाला दुसरं कुणी तयार नव्हतं.

सभा सुटल्यावर ती कुंताबाईकडे गेली. कुंताबाई दारात बसली होती. पंचफुला तिच्या पायाशी टेकली आणि रडत म्हणाली, "त्यानं मले फसवलं, कुंता."

कुंताबाईनं तिच्याकडे न बघताच विचारलं, "त्याचं जाऊ दे. तू अथीच उभी होती ना नळी घेऊन? 'आज पानी उकळून प्या' एवढं म्हनाले काय झालं होतं तुले? माही चूल तं पेटलीच होती."