रिक्षा गेल्यावर बोलू

माझ्या सासऱ्यांचं नाव धोंडिबा, पण सगळी दुनिया त्यांना आबा म्हणायची, मीही. माणूस पाचोडचा. अख्खी नोकरी एसटीत, शेवटची अकरा वर्षं स्टँडवर कंट्रोलर. माईकवरून गाड्या पुकारायचे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडं मुकुंदवाडीला आणलं, तेव्हा मी नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आधीच सकाळी घरात वणवा पेटलेला असतो, त्यात आणखी एकाचा चहा.

वणवाच होता तो. माझा नवरा संघपाल शेंद्र्याच्या कंपनीत, त्याची बस सहाला. (कॉलेजातली ओळख, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. आबांनी त्यावरून कधी टोकलं नाही.) मी दवाखान्यात नर्स, आठची ड्युटी. अपेक्षा चौथीत, अभय पहिलीत, आणि सात दहाला खाली शाळेची रिक्षा हजर. अभयचा एक मोजा कायम बेपत्ता. अपेक्षाला बूट घालताना आठवणार की आज चार्टपेपर न्यायचाय! मी ओरडायची, पोरं रडायची, डबा ओट्यावरच राहायचा. खालच्या गीताबाई म्हणायच्या, "मेघा, आम्हाला गजर लावाया नाय लागत गं, तुझा आवाज हाय ना."

आबांनी पंधरा दिवस नुसतं बघितलं. मग एका संध्याकाळी पोरांना पुढ्यात बसवलं, मलाही बोलावलं. म्हणाले, "गाडी सुटायच्या टायमाला पाशिंजर भांडाया लागले, तर आम्ही काय करायचो? कुणाचंच ऐकायचो नाय. आधी गाडी सुटू द्या, मग तक्रार सांगा. अन् गाडी सुटली की निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटायच्या, व्हय का नाय?"

तोच घरचा कायदा झाला. सकाळी रिक्षा जाईपर्यंत तक्रार बंद. पोरांची तक्रार संध्याकाळी आबांच्या कॉटवर, दोन्ही बाजू ऐकून. मोठ्यांचं काही असेल तर रिक्षा गेल्यावर. कुणी तोंड उघडलं की बाकीचे एका सुरात म्हणायचे, "रिक्षा गेल्यावर बोलू!"

रविवारी दुपारी आबा आठवड्याच्या सगळ्या युनिफॉर्मला इस्त्री करून ठेवायचे. चौसष्टाव्या वर्षी अपेक्षाच्या वेण्या घालायला शिकले, आणि माझ्यापेक्षा घट्ट घालायचे! सकाळी बाथरूमच्या दाराशी उभं राहून पुकारायचे, "अभय गाडी फलाट दोनवर लागत आहे, दूध पिऊन घ्यावे." अभय खिदळत यायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि मी पहिल्यांदा सकाळचा चहा गरम प्यायले. दोन वर्षं आमच्या घरात सकाळी कुणी रडलं नाही.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. सात वाजायला दहा कमी. मी पोळ्या लाटत होते. आबा स्वयंपाकघराच्या दारात आले, एक हात भिंतीला. कपाळ ओलं दिसलं मला. दिसलं, हे मी कबूल करते. वाटलं, तोंड धुऊन आलेत.

"मेघा, पोरी, जरा..."

"आबा, रिक्षा गेल्यावर!"

मी पूर्ण वळलेसुद्धा नाही. तव्यावर पोळी होती. ते हसले. "व्हय, व्हय. बरोबरय." परत गेले आणि अपेक्षाची राहिलेली वेणी घातली. मी डबे भरले, पोरांना खाली नेलं, रिक्षात बसवलं, आणि स्कूटी काढून तशीच ड्युटीला गेले. विसरले. याला दुसरा शब्द नाही, विसरले.

साडेनऊला गीताबाईंचा फोन आला. त्या पाणी आलंय हे सांगायला वर गेल्या होत्या. आबा कॉटवर बसल्या बसल्या कलंडलेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, दोन तास आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. बारा वर्षं मी लोकांच्या बापांना विचारतेय, कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय. आग लागो माझ्या त्या नोकरीला!

त्या दिवशी संध्याकाळी संघपालनं विचारलं, "सकाळी आबा तुला काही बोलले का?"

"नाही," मी म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं.

मागाहून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला, त्याला पाचोडहून जुने कंडक्टर, ड्रायव्हर आले. जो तो म्हणत होता, कुणाला त्रास न देता गेला माणूस. मी मान हलवत होते आणि आतल्या आत जळत होते. संघपालचं मात्र जेवणावरचं मन उडालं. फोन वाजला की दचकायचा. मी म्हणायची, बाप गेलाय, होणारच.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी तो इस्त्री करायला बसला. पोरं गीताबाईंकडं होती. करपल्याचा वास आला म्हणून मी बाहेर आले, तर अभयच्या शर्टाची कॉलर जळालेली आणि हा नुसता बघत बसलेला.

"मेघा," तो म्हणाला, "त्या दिवशी आबांचा मला फोन आला होता. पावणेसातला. मी कंपनीच्या गेटवर, मोबाईल जमा करायच्या लायनीत. म्हणाले, छातीत कसंतरी व्हायलंय. मी म्हणलो, मेघा घरात हाय ना, ती नर्स हाय, तिला सांगा. अन् कट केला. मागचे लोक ओरडत होते." त्यानं नाक पुसलं. "मी असं तोडलं म्हणून त्यांना लागलं असणार. म्हणूनच तुलाबी काही बोलले नाहीत. माझ्यामुळं गप बसले ते."

मी गप्प राहिले असते, तर या जन्मात कुणाला कळलं नसतं. पण महिनाभर हा माणूस माझ्या एका 'नाही'खाली चिरडला जात होता.

"आले होते," मी म्हणाले. "माझ्याकडं आले होते. स्वयंपाकघराच्या दारात. बोलायला लागले, मीच म्हटलं रिक्षा गेल्यावर. मग मी विसरले. तुला खोटं सांगितलं मी."

त्यानं वर बघितलं. वाटलं, आता मारेल, नाहीतर जन्मभर सलेल असं काहीतरी बोलेल. बोलावं असंच वाटत होतं मला. त्यानं एवढंच विचारलं, "फोननंतर लगेच आले?"

"लगेचच."

"म्हणजे माझं ऐकलं त्यांनी," तो म्हणाला, आणि त्या जळक्या शर्टात तोंड घालून महिन्यात पहिल्यांदा रडला.

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. त्याच्या पाठीवर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही.