कनवटीचा फ्यूज आणि एक मेंढी

मी देवाशी भांडणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आम्ही लिंगायत, आमच्यात सकाळी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून पूजा करतात. देव एवढा जवळ असला की नमस्कार कमी आणि बोलणं जास्त होतं. त्या वर्षी तर मी रोज त्याला तळहातावर घेऊन जाब विचारायची, की बाबा, तुझं लक्ष आहे तरी कुठं?

तेलगावच्या बाजूला एका जिनिंगमध्ये आमचे हे फिटर होते आणि मी तिथंच रोजानं कापसातली कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, वेचायला बसायची. जिनच्या मशिनी वर, आणि त्यांना फिरवणारा लांबलचक शाफ्ट फरशीखालच्या भुयारात. पट्टा तुटला की फिटरनं त्या भुयारात उतरून तो टाके घालून सांधायचा. वर उभ्या माणसाला तो दिसत नाही. म्हणून ह्यांची एक रीत होती. उतरण्याआधी बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज उपसायचा आणि माझ्या हातात द्यायचा. मी तो कनवटीला खोचायची. ते वर येऊन हात पुढं करतील तेव्हाच तो बाहेर निघायचा. बायका चिडवायच्या, हिनं नवरा कनवटीला बांधलाय. मी म्हणायची, बांधलाय तर बांधलाय, तुमच्यासारखा मोकाट तरी सोडला न्हाई.

मग जुने शेठ थकले, कारभार पोराकडं गेला आणि शहरातून नवा मॅनेजर आला. ते दिवसच तसे होते. गावात रंगीत टीव्ही आले होते आणि ज्याच्या त्याच्या तोंडी परदेशी कंपन्यांच्या गप्पा. मॅनेजर आम्हा सगळ्यांना उभं करून सांगायचा की आता जगाशी स्पर्धा आहे, मशीन थांबलं की संपलं. त्यानं जुना बोर्ड काढून बटणांचा बसवला. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. फ्यूज आत, वर पत्र्याचं दार, दाराला कुलूप आणि किल्ली साहेबाच्या खिशात. ह्यांनी विचारलं, मी खाली असताना कुणी हिरवं दाबलं तर? तर म्हणे, वरून ओरडून सांगू की. गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या धडधडीत तिथं शेजारणीचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि हा ओरडणार!

तेव्हापासून हे खाली उतरताना जुना, बिनकामाचा फ्यूज माझ्या हातात द्यायचे आणि मी त्या बटणांना पाठ लावून उभी राहायची. फ्यूज नावाला. खरा फ्यूज मीच.

एका सोमवारी दुपारी पट्टा तुटला. हे खाली उतरले. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. मॅनेजर तरातरा आला.

"बाई, तुमची जागा सोडून इथं काय करताय?"

"साहेब, आमचे हे खाली हायत."

"फिटर चहाला गेलाय. मी आत्ताच बघितलं त्याला."

कुणातरी दुसऱ्या खाकी कपड्यातल्या माणसाला बघून आला होता. मी म्हटलं, न्हाई, खालीच हायत, वाकून बघा. वाकायला त्याची पँट मळली असती. त्यानं माझं मनगट धरलं आणि मला बाजूला ओढलं. परक्या बाईचं मनगट! आजही आठवलं की माझं डोकं तापतं. आणि त्यानं हिरवं बटण दाबलं.

मशीन हललं नाही. पलीकडचा प्रेस थांबला, पंखे थांबले. लाईट गेली होती. त्या शांततेत फरशीखालून ह्यांचा आवाज आला, "झालंच बघ. दोन टाके राहिलेत."

मॅनेजरचा चेहरा कापसासारखा झाला. पण किती वेळ? मी लाल बटण दाबून पुन्हा पाठ लावेपर्यंत त्याला वाचा फुटली. "काय झालं? काही झालं नाही ना? मग कामाला लागा." आणि संध्याकाळी मलाच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. शेठच्या पोरानंही तेच ऐकवलं, काही झालं नाही तर एवढा गाजावाजा कशाला. माणूस मेला असता तर चार लोकांनी विचारलं असतं. वाचला, म्हणून विचारायचंच नाही?

ती वेळ लाईट जायची नव्हती. वायरमन ह्यांच्या ओळखीचा, त्याच्याकडून कळलं की एक धनगर बोंबलत सबस्टेशनला आला आणि त्यानं लाईट बंद करायला लावली. मी नारळ आणि भाकरी बांधून घेतली आणि विचारत विचारत त्याचा कळप गाठला. म्हातारा बाभळीखाली बसला होता. त्यानं सांगितलं, वाऱ्यानं विजेची तार तुटून पडली, त्याची गाभण मेंढी जागीच गेली. बाकीचा कळप त्या अंगाला चरत होता, म्हणून तो धावत सुटला.

"मेंढीची भरपाई मागाया लाईटीच्या हापिसात गेलतो," म्हणाला. "त्येंनी इचारलं, माणूस मेला का? म्हटलं, न्हाई. तर म्हणे, मग काय झालं न्हाई, जा."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. माझं कुंकू वाचवायला देवानं या गरिबाची मेंढी घेतली? दुसरं काही सुचलं नाही त्याला? त्या मॅनेजरच्या हाताला नुसती मुंगी डसली असती तरी भागलं असतं की! मी हे सगळं म्हाताऱ्याला बोलून दाखवलं. तो हसायला लागला.

"आक्का, तुमच्या महादेवाला सांगा, फुडल्या टायमाला आदी मला इचार म्हणावं. एखादी म्हातारी मेंढी दिली असती."

मी हसले आणि तिथंच रडले.

त्या आठवड्यात पट्टा पुन्हा तुटला. हे भुयाराच्या तोंडाशी बसले आणि म्हणाले, फ्यूज काढून बोर्डाची किल्ली माझ्या बायकोच्या कनवटीला आल्याशिवाय मी उतरत नाही. गाड्या तटल्या. शेवटी मॅनेजरनं जीप पाठवून मला घरून आणलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. माफी नाही मागितली. मीही त्याला अजून माफ केलेलं नाही. देवानं केलं असेल तर तो त्याचा प्रश्न.

खंडेनवमीला आमच्या घरी पाने-हातोड्यांशेजारी तो जुना फ्यूज मांडतात. मी त्याला हळदकुंकू लावते आणि एक घास त्या मेंढीच्या नावानं बाजूला काढते. लोक विचारतात, देवाला शरण जाणं म्हणजे काय. मला शास्त्र येत नाही. भुयारात वाकलेला माझा नवरा एकदाही वर बघायचा नाही, कारण बोर्डापाशी कोण उभं आहे हे त्याला ठाऊक होतं. तो आपले टाके घालत राहायचा. मला तेवढंच कळतं.

आता मीही थकले. सकाळी लिंग तळहातावर घेते आणि म्हणते, महादेवा, आता तू उभा राहा बोर्डाला पाठ लावून, मी माझे टाके घालते. तुझे उपकार विसरले नाही. पण मेंढीचं विचारायचं मी सोडणार नाही.