रेड्याचं तूप

अक्षय्य तृतीया, सकाळची वेळ. घाटनांदूरच्या आमच्या घरी रेड्याचं तूप आलं तेव्हा हजर मंडळी अशी: मी, माझी बायको काशी, शेजारचे करीमचाचा पखालवाले आणि मडक्यातलं तूप. रेडा गैरहजर होता.

सुरुवात होळीला झाली. चाऱ्याची टंचाई होती आणि काशीला माहेरहून आंदण मिळालेली मंगळी म्हैस भाकड झाली होती. अशात गोविंदराव नावाचे गृहस्थ ओट्यावर येऊन बसले. आमच्याकडं जनावर अर्धलीनं देतात. दुसऱ्यानं सांभाळायचं, दूधदुभतं निम्मं निम्मं. गोविंदरावांनी त्यात सुधारणा केली होती. जनावर ते नेणार, उमापूरकडं गोदाकाठच्या कुरणात ठेवणार आणि आम्ही काडीही न हलवता दर अमावास्येला घरपोच तूप!

मी व्यवस्थित माणूस. (गावात लग्न निघालं की याद्या करायला मलाच बोलावतात.) मी गोविंदरावांची नीट पारख केली. पागोटं स्वच्छ, बोलणं गोड, जेवायला वाढताना दोनदा "नको, नको" म्हणाले. सगळं ठीक!

"कुरण बघून या की एकदा," काशी म्हणाली. "माझ्या आईनं दिलेली म्हैस हाय ती."

"अगं, घरबसल्या तूप मिळतंय म्हटल्यावर घर सोडून कशाला जायचं?"

(हे वाक्य काशीनं मला आजतागायत विसरू दिलेलं नाही.)

पहिल्या अमावास्येला तूप आलं. रवाळ, पिवळंधमक! त्या दिवशीच्या पुरणपोळ्या आठवल्या की अजून बोटं चाटावीशी वाटतात. पोरं तर जेवून ओट्यावरच आडवी झाली होती.

"अहो, भाकड म्हशीचं तूप?" काशी म्हणाली.

"गोदाकाठचा चारा!"

"आन् म्हशीचं तूप पिवळं कावून?"

"गोदाकाठचं पाणी!"

निम्मं तूप मी ऐटीत धर्मापुरीला सासऱ्यांकडं धाडलं. उरलेल्याचं बोट गावभर चाखायला दिलं. मग काय! लोक म्हशी घेऊन गोविंदरावांची वाट बघू लागले. करीमचाचा तर रेडाच घेऊन आले.

"बापू, ह्याला बी पाठवू का? म्हातारा झालाय, पाण्याची पखाल उचलत न्हाई. जरा गवत खाईल."

"बेशक पाठवा!" मी स्वतः रेड्याला गुलाल लावून वाटेला लावलं.

आणि अक्षय्य तृतीयेला चाचा मडकं घेऊन दारात.

"बापू, गोविंदरावाचा माणूस देऊन गेला. हे माझ्या रेड्याचं."

"मिळालं ना? मग?"

"मग काय बे! रेडा हाय तो!"

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ सांगतो, "गोदाकाठचा चारा" हे शब्द ओठांवर आले होते! काशी हातात पळी घेऊन उभी होती. "बोला, बोला," ती म्हणाली. मी बैल आणायला गेलो.

आम्ही तिघांनी बैलगाडी जुंपून उमापूर गाठलं. कुरण नव्हतं. "गोविंदराव? त्यो जनावरं घेऊन कवाच इंग्रजी हद्दीत गेला," लोक म्हणाले. आमच्या निजामी मोगलाईचा पोलीस शिवेपलीकडं पाऊल टाकत नाही, हे गोविंदरावांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नव्या गिऱ्हाइकाचं जनावर विकायचं आणि त्यातून जुन्याला तूप पाजायचं, असा तो कारखाना. मंगळी पहिल्याच बाजारात गेली होती. घरी परतल्यावर काशीनं दावणीचं रिकामं दावं सोडून माझ्या हातात ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तो सगळा उन्हाळा चाचांची पखाल माझ्या पाठीवर होती. घरोघरी पाणी ओतताना चाचा मागून ओरडायचे, "गोदाकाठचा चारा लागू पडला बे तुला!"

तेव्हापासून आयतं काही द्यायला कुणी आलं की मी त्याचं पागोटं बघत नाही. आधी गोठा बघून येतो.

एक काम मात्र अजून बाकी आहे: सासऱ्यांना खरं सांगणं. लेकीच्या म्हशीचं विचारतात तेव्हा माझी जीभ उचलत नाही. म्हणून दर दिवाळीला बाजारातून तूप घेतो आणि मंगळीचं म्हणून धर्मापुरीला पाठवतो. इतकी वर्षं दूध देणारी म्हैस त्रिभुवनात नसेल! परवा त्यांचा निरोप आला: "जावईबापू, तूप लई झ्याक. आमच्या बी दोन म्हशी धाडतोय, तिकडंच गोदाकाठी नेऊन सोडा."

म्हशी उद्या येतील. काशीनं माझं पागोटं स्वच्छ धुऊन ठेवलं आहे. मला "गोविंदराव" म्हणते.