बकरमवरचा गाळ

खराडीत ऑफिसं सजवून देणाऱ्या एका इंटिरियर डेकोरेटरने माझ्या मुलीला फसवलं. तिचं चित्र त्याने ‘पसंत पडलं नाही’ म्हणून परत आणून दिलं आणि त्याच चित्राचा फोटो छापून एका ऑफिसच्या भिंतीवर चिकटवला. लोक म्हणतात, तुम्हालाही फसवलं. माझं मी बघून घेईन. मुलीचं काय?

कर्वेनगरात माझं पडद्यांचं दुकान आहे. यवतमाळकडून लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा एक शिलाई मशीन आणि माझी जीभ, एवढंच भांडवल होतं. नवरा कंपनीत पाळ्या करायचा, अजून करतो. दुकान मी उभं केलं. भाव करण्यात मला सहसा कोणी हरवत नाही, आणि चिडले की माझा आवाज समोरच्या सोसायटीत ऐकू जातो. त्याबद्दल तिथल्या सेक्रेटरींनी मला एकदा फार सभ्य शब्दांत सुनावलं होतं.

मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात गेली तेव्हा मी कागद आणि रंगांच्या खर्चाची तयारी ठेवली होती. तिने सामान माझ्याच दुकानातून उचललं. कापडाच्या कंपन्या आम्हाला नमुन्यांची जाड पुस्तकं देतात, पानापानावर कापडाचा तुकडा. नवा माल आला की जुनं पुस्तक बाद. मी ती रद्दीत घालायचे. ती फरशीवर मांडी ठोकून ती पुस्तकं सोलायची. गंजलेल्या पडद्याच्या कड्या त्या तुकड्यांत गुंडाळून व्हिनेगरच्या पाण्यात भिजत घालायची. काही दिवसांनी उलगडलं की कापडावर तांबूस तपकिरी वर्तुळं उमटलेली असायची.

“आई, बघ ना. सूर्य बुडताना असा दिसतो.”

“गंजाचे डाग आहेत. ते कसे घालवायचे हे विचारायला लोक माझ्याकडे येतात.”

ती हसायची आणि दुसरा तुकडा भिजवायला घ्यायची.

रंगासोबत कापड, दोरा, माती, हाताशी येईल ते एकाच चित्रात घालायचं, याला तिच्या कॉलेजात मिक्स्ड मीडिया म्हणतात. घरी आम्ही त्याला पसारा म्हणायचो. एकदा तिने दुधाच्या रिकाम्या पिशव्या एकावर एक ठेवून माझ्या इस्त्रीने वितळवल्या. इस्त्री कामातून गेली. मी मनसोक्त ओरडले. माझं संपेपर्यंत ती थांबली आणि मग तो वितळलेला पापुद्रा तिने माझ्यासमोर उजेडाला धरला. दुधी, पातळ, आत कुठेतरी निळी अक्षरं विरत गेलेली.

“सकाळचं धुकं वाटतं की नाही, खरं सांग.”

वाटत होतं. मी दुकानासाठी नवी इस्त्री आणली आणि जुनी तिला देऊन टाकली.

उन्हाळ्यात खडकवासल्याचं पाणी खाली गेलं की काठाचा गाळ उघडा पडतो. ती मैत्रिणीच्या स्कूटरवरून जाऊन तो बादलीत भरून घेऊन आली. तिला आटलेलं धरण काढायचं होतं, आणि ते धरणाच्याच मातीने. गाळ गोंदात कालवून कॅनव्हासवर थापायची. ओला असेपर्यंत झकास दिसायचा. वाळला की खपल्या सुटायच्या आणि सकाळी चित्र फरशीवर पडलेलं असायचं. तिने गोंद वाढवला, भुसा घालून पाहिला, तांदळाची खळ घालून पाहिली. प्रत्येक वेळी सकाळी झाडूचा आवाज यायचा. ती खपल्या गोळा करत असायची. मी ओरडत नसे. माझ्या मानाने हे खूपच झालं.

पडद्याच्या वरच्या चुण्या ताठ उभ्या राहाव्यात म्हणून आत कडक जाळीदार कापडाची पट्टी घालतात, तिला आम्ही बकरम म्हणतो. एके दिवशी माझा बकरमचा गठ्ठा गायब. तिने त्या पट्ट्या शेजारी शेजारी शिवून अख्खा कॅनव्हास मढवला होता आणि गाळ जाळीच्या भोकांत दाबून बसवला होता. तो वाळला, भेगाळला, पण एकही खपली सुटली नाही.

“हात लाव. असा नाही, जोरात लाव.”

मी नखाने खरवडलं. निघालं नाही. ती चित्राकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी पहिली सरळ टीप मारली तेव्हा अशीच बघत होती.

“बकरम कोणाला विचारून घेतलंस?” मी म्हटलं. राहिलेलं बकरम मात्र परत मागितलं नाही.

त्या गाळावर तिने दुधाच्या पिशव्यांचं धुकं चढवलं आणि मधून एक लाल दोरा आडवा शिवत नेला. पूर्वी पाणी जिथपर्यंत यायचं, तिथली रेघ. दोऱ्याची टोकं लोंबती ठेवली. मी सवयीने कात्री घेतली तर माझा हातच धरला. घरात जागा नाही म्हणून चित्र दुकानात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. शेजारच्या निवृत्त शिक्षिका पडद्याला अस्तर लावून घ्यायला आल्या, चष्मा वर करून म्हणाल्या, “हे विकायला ठेवलंय की वाळत घातलंय?”

“दोन्ही, काकू,” मुलगी म्हणाली.

त्याच आठवड्यात डेकोरेटर आला. ऑफिसांच्या पडद्यांची कामं तो मला द्यायचा. आल्या आल्या चित्रासमोर उभा राहिला तो हलेचना. मग नावं ठेवायला लागला. माती भुरभुरणार, रंग मळकट, दोरे काय लोंबतायत. मुलगी मशीनवर मान खाली घालून ऐकत होती. मी मनातून खूश. आमच्या धंद्यात जो नावं ठेवतो तोच माल घेतो. ज्याला घ्यायचं नसतं तो “छान आहे हं” म्हणून पुढच्या दुकानात जातो. सुरतेला माल घेताना मीसुद्धा उत्तम कापड बघून आधी तोंड वाकडं करते.

“ताई, क्लायंटला दाखवून आणतो,” तो म्हणाला आणि चादरीत गुंडाळून चित्र घेऊन गेला.

“इतकी नावं ठेवली म्हणजे नक्की ठेवून घेणार,” मी तिला सांगितलं.

“तुझं गणित आहे की अंदाज?”

“अनुभव.”

त्यानंतर कॉलेजातून आली की ती आधी माझा चेहरा वाचायची, मग चपला काढायची.

चित्र परत आलं तेव्हा ती दुकानातच होती. डेकोरेटर तिच्याकडे बघून म्हणाला, “नाही आवडलं गं त्यांना. गोधडी वाटते म्हणाले.” ती “थँक यू, सर” म्हणाली आणि चित्र आत ठेवून आली. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते, कारण नावं ठेवल्यावर माणूस भाव सांगतो. त्याने सोफ्याच्या कव्हरांचं विचारलं आणि गेला.

तिने उरलेला गाळ सोसायटीच्या बागेत ओतला. पुढच्या वर्षी ॲनिमेशनला जाते म्हणाली. “त्यात माती लागत नाही, आई. दुकान स्वच्छ राहील तुझं.” दुकान स्वच्छ राहिलंच. फरशीवर एक चिंधी दिसेना. बाद झालेली पुस्तकं कोपऱ्यात तशीच साचत गेली, ती मी रद्दीत घालायला धजले नाही.

मग एका दुसऱ्या ठेकेदाराच्या कामासाठी मापं घ्यायला मी खराडीला गेले. ऑफिसच्या दर्शनी भागात शिरले आणि समोर जमिनीपासून छतापर्यंत आमचा गाळ. भेगा, धुकं, लाल रेघ, सगळं. कोचाच्या मागे दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं. माझा हात आपोआप तिकडे गेला. बोट घसरलं. भिंत गुळगुळीत होती, दोरा नव्हता, दोऱ्याचा फोटो होता.

“मॅडम, वॉलपेपरला हात नका लावू,” वॉचमन म्हणाला.

मी तिथूनच डेकोरेटरला फोन लावला.

“अहो ताई, इन्स्पिरेशन घेतलंय फक्त. सगळेच घेतात.”

“दोऱ्याच्या सावलीसकट?”

“बरं, पुढच्या साइटचे सगळे पडदे तुमच्याकडे. मग तर झालं?”

दुसरं कुठलं प्रकरण असतं तर मी इथून घासाघीस सुरू केली असती. “पडदे नकोत. दुकानात या आणि पोरीला सांगा.”

“काय सांगू?”

“चित्र आवडलं होतं म्हणून.”

“एवढ्यासाठी कोणी येतं का, ताई?” त्याने फोन ठेवला. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही.

भिंतीचा फोटो मी तिला दाखवला. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने फोटो बोटांनी मोठा केला, कोपऱ्या कोपऱ्यात फिरवून पाहिला आणि म्हणाली, “गाळ जरा पिवळा आलाय.” मग विचारलं, “म्हणजे आवडलं होतं त्यांना?”

“न आवडता भिंतभर लावतं का कोणी?”

“फुकट मिळालं म्हणूनही लावतात.”

“मला तर आवडलंच होतं.”

“तू आई आहेस,” ती म्हणाली. अगदी मायेने म्हणाली, आणि माझ्या हातात फोन परत दिला.

ॲनिमेशनचं अजून नक्की झालेलं नाही. वकिलाकडे जा असं सांगणारे मला पुष्कळ भेटले. जाईनही. पण एखाद्या माणसाला एखादं चित्र मनातून आवडलं होतं की नाही, हे वकील त्याच्याकडून कसं वदवणार? म्हणून डेकोरेटरसाहेब, इथे लिहून चारचौघांत विचारते. त्या दिवशी माझ्या दुकानात समोरचा चहा गार होईपर्यंत तुम्ही त्या चित्रापुढे उभे होतात. काय दिसलं तुम्हाला त्यात? आणि दिसलं होतं, तर तिच्या तोंडावर गोधडी कशाला म्हणालात? दुपारी ती दुकानात असते. या, आणि याचं उत्तर मला नको, तिला द्या.