लाल पडद्यावरचा नंबर

“बंद मत करो! बंद किया तो सब चला जायेगा!”

लॅपटॉपच वरडत होता. सगळा पडदा लाल, मधी मोठा फोन नंबर, आन् सायरन असा की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा भुकायला लागला. कडंवरची पोरगी तापानं फणफणलेली, ती दचकून रडायला लागली. मी फुलीवर दाबलं, जाईना. परत दाबलं, जाईना. 

आमी लोणावळ्याजवळ भाजे गावात एका बंगल्याची राखण करायचो. शनवार-रयवार भाड्यानं राहाय पावणे येणार, शेठ मुंबईला. सगळा कारभार फोनवर. “मोटर लाव. इन्व्हर्टरचं लाल बटन दाब. आता हिरवं.” शेठ सांगणार, मी दाबणार. लग्न होऊन आले तवापासून असंच. बंगल्यामागची एक खोली आमाला दिलेली, तेच आमचं घर. लॅपटॉप पावण्यांच्या आधार कार्डांसाठी. फोटो काढायचा, त्यात टाकायचा, बाकी हात लावायचा न्हाई. पण पोरीला मोठ्या पडद्यावरचं कार्टून पायजे होतं, काय केल्या गप बसंना. शोधाय गेले आन् कुटंतरी भलतंच दाबलं गेलं.

नवरा गाडी घेऊन विमानतळाला गेलता, फोन लागंना. मग मी पडद्यावरच्या नंबरलाच लावला.

माणूस हिंदीत बोलला, लय गोड. म्हणाला, कंपनीतून बोलतोय ताई, घाबरू नका, हे दाबा, ते ॲप उतरवून घ्या, आकडे आलेत ते सांगा. शेठ सांगतो तसंच सांगत होता. मी दाबत गेले.

मग बाण आपोआप हालायला लागला. माझा हात तर पोरीच्या पाठीवर! कार्डांचा फोल्डर उघडला आन् पावण्यांची तोंडं एकामागं एक पुढं येऊ लागली.

“भैया, ये क्यूं खोला?”

“चेक कर रहा हूं. फोन मत रखना.”

फोन तसाच टेबलावर टाकला आन् पोरीला घेऊन पळाले.

खाली वाडीत आबा राहतात, पोलिसातनं रिटायर झालेले. अंगणात पावटा सोलत बसलेले. मला धड सांगता येईना.

“आधी दम खा. बंगल्यात कोण शिरलंय का?”

“न्हाई आबा. लॅपटॉपात शिरलंय.”

“दार कुणी उघडलं? त्यानं फोन केला का तू?”

“मीच केला.”

आबा उठले. “चोर सायरन वाजवत आला, आन् तू त्याला चहा टाकायची तेवढी राह्यलीस!”

वर आल्या आल्या त्यांनी वायफायच्या डब्याची पिन उपटली. बाण जागच्या जागी थांबला. मग लॅपटॉपचं बटन दाबून धरलं, पडदा काळा झाला. एवढंच. सायरन म्हंजी नुसतं एक पान होतं, बंद करता येणारं. परत चालू केल्यावर “जुनी पानं उघडू का” विचारलं, तितं आबांनी नको केलं, आन् मी उतरवून घेतलेलं ते ॲप शोधून काढून टाकलं.

“नोकरीत लय भामटे बघितले,” आबा म्हणाले. “आधी भ्या दाखवत्यात, मग सोडवायला बी तेच येत्यात. खरी कंपनी असा नंबर दाखवून वरडत न्हाई.”

मला वाटलं सुटले. आबांनी मान हालवली.

“कार्डं त्यानं नेली असली तर? आता पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची. शेठनं पासवर्ड बदलायचे, पावण्यांना सांगायचं.”

“म्हंजी शेठला सांगावं लागंल?”

आबांनी वायफायची पिन माझ्या हातात ठेवली.

नवरा आला तो कपाळाला हात लावून बसला. “गप बस. लॅपटॉप चांगला चालतोय. कुणाला कळतंय? खोली गेली तर पोरीला घेऊन कुटं जायचं?”

पोरगी मांडीवर झोपलेली. मला सारखी एक बाई दिसत होती, मागल्या आठवड्यात राहून गेलेली, तिच्या कडंवर बी असंच लेकरू होतं. तिचं कार्ड मीच त्यात टाकलेलं.

सकाळी लोणावळ्याला ठाण्यात गेले. पोलीस ताई जबाब लिहून घेत होत्या. “स्वतःहून फोन केला?” व्हय. “आकडे तुमीच सांगितले?” व्हय. प्रत्येक व्हय म्हणताना मान खाली. बाहेर येऊन शेठला फोन लावला. शेठनं सगळं ऐकून घेतलं आन् म्हणाला, “रविवारच्या आत खोली रिकामी कर.” त्याचा शेवटचा हुकूम, तोबी फोनवरच.

आता आमी बेडसे गावात नणंदेच्या पडवीत आहोत. तो फोनवरचा माणूस अजून सापडला न्हाई. बंगल्यांवर काम करणाऱ्या बाया भेटल्या की मी सांगते, लाल पडदा आला तर नंबर लावू नका, नेट तोडा, बटन दाबून धरा. त्या हसत्यात. मी बी हसले असते.

पोरगी विचारती, आपल्या घरी कदी जायचं? नवरा तोंड फिरवतो. त्या बाईला शेठनं सांगितलं का न्हाई, तेबी मला ठाव न्हाई.

मी गप बसले असते तर आज आमी आमच्या खोलीत असतो. तुमी सांगा, तुमी काय केलं असतं?